उभ्या गाडीचे किलोमीटर

वरच्या आळीत किलोमीटर कराला शिव्या न देणारा माणूस एकच होता, चष्मेवाले. बाकीची आळी सकाळी दात घासताना सुरू करायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. पाववाला तर म्हणायचा, उद्या हे श्वासावर कर लावतील, मग मी एक सोडून एक श्वास घेईन.

कराची गोष्ट तशी सरळ होती. पूर्वी पेट्रोलवर कर असायचा आणि त्यातून रस्ते व्हायचे. मग निम्म्या गावाने विजेच्या गाड्या घेतल्या, पेट्रोल कोणी घेईना, तिजोरीत खडखडाट झाला आणि खड्डे मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखेच राहिले. शेवटी नगरपालिकेने ठरवलं, गाडी कशावरही चालू दे, जेवढी चालेल तेवढा कर. त्यातले निम्मे पैसे रस्त्यांना आणि निम्मे बसगाड्यांना. आणि बस आधी कोणाला द्यायची यावरून भांडणं नकोत म्हणून एक नियमही केला. ज्या वस्तीतली गाडी वर्षाकाठी सरासरीने सगळ्यात जास्त धावेल, त्या वस्तीला पहिली बस. माणसं काही हौसेने एवढी धावत नाहीत, दुसरा इलाज नसतो म्हणून धावतात, असा त्यामागचा विचार.

विचार चांगला होता. पण आपली माणसं म्हणजे आपली माणसं. कर लागल्याबरोबर वरची आळी शहाणी झाली. तिघं-तिघं एका गाडीतून जायला लागले, बाजार आठवड्यातून एकदाच, पोरांच्या भेटी फोनवर. गाड्या दारात उभ्या राहिल्या, किलोमीटर घटले, आणि कागदावर असं दिसायला लागलं की या लोकांना बसची काही गरजच नाही. जो तो आपला खिसा सांभाळत होता आणि बस हातची निसटत होती. ही गंमत आळीत एकट्या चष्मेवाल्यांच्या लक्षात आली, कारण बस हवी होती ती एकट्या चष्मेवाल्यांना. आणि का हवी होती, ते त्यांना कोणाला सांगता येत नव्हतं.

त्यांना दिसेनासं झालं होतं.

आयुष्यभर या माणसाने गावाला दिसायला लावलं. निम्म्या नाकांवर त्यांनी बसवलेली चौकट होती. दुकान विकलं, आता आरामात राहायचं म्हणाले, आणि वर्षभरात त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग बसला. कडेकडेचं दिसायचं, मधलं पुसलं जायचं. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा नाही. जे बघायचं त्याच्या जरा बाजूला बघावं, तेव्हा ते थोडंफार हाती लागायचं. हे चष्म्याने जाणारं नाही हे कळायला त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. गिऱ्हाइकांना ते स्वतःच हे सांगत आले होते, आधी खुर्ची देऊन, हळू आवाजात.

लायसन्स वाढवून घेताना डोळे तपासतात. पण तपासायचा तक्ता तोच, जो त्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेला असायचा. त्यांनी तो खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. तपासणारा म्हणाला, या वयात असे डोळे म्हणजे देणगी आहे हो. चष्मेवाले घरी येताना अर्धी वाट हसत आले आणि उरलेली अर्धी वाट त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता कोणी म्हणेल, बायकोला सांगून मोकळं व्हावं माणसाने. तिथेच तर सगळं अडलं होतं.

बायको खाली गावातल्या थिएटरात नाटकाचे पोशाख दुरुस्त करायची. दुकान विकल्यावर गंमत म्हणून गेली आणि तिथलीच झाली. तिला गाडी येत नव्हती, म्हणून चष्मेवाले दुपारी तिला फाटकाशी सोडायचे आणि उजेड कमी व्हायच्या आत आणायला जायचे. येताना तिच्या बाहीला कुठल्यातरी रंगाचा दोरा चिकटलेला असायचा आणि तोंडात बातमी. आज राजा दोन इंच सुटला. आज राणीने रागाच्या भरात बाही फाडली, ती पण खरी, नाटकातली नव्हे. आज भुताचा झगा उंदरांनी खाल्ला आणि भूत रडायला लागलं. हे सांगताना ती इतकी हसायची की चष्मेवाल्यांना वाटायचं, ही बाई इतकी वर्षं आपल्या घरात होती कुठे?

होती तिथेच होती, दुकानात. लग्न झालं तेव्हा तिला एका मोठ्या शिवणघरात कापड बेतायला शिकायची जागा मिळाली होती. चष्मेवाल्यांनी त्याच सुमारास दुकान काढलं, गल्ल्यावर घरचं माणूस हवं होतं. ती आली आणि बसली. त्या जागेबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. चष्मेवाल्यांना ते कळलं फार वर्षांनी, मेहुणीकडून, तेही कसल्यातरी चेष्टेत. सोडून देणं हा तिचा स्वभाव होता. मुलगा लांब नोकरीला गेला तेव्हाही तिने डबा भरून दिला, हात हलवला आणि आत येऊन भांडी घासली.

म्हणून ती काय म्हणेल ते त्यांना अगोदरच पाठ होतं. मला दिसत नाही असं सांगितलं की ती म्हणणार, "बरं झालं, मलाही जायचा कंटाळाच आला होता." बस. दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार आणि त्यावर पुन्हा अवाक्षर नाही. भांडणाऱ्या बायकोची समजूत काढता येते, मुकाट्याने सोडून देणारीची कुठून काढणार? आयुष्यात एकदा तिला तिचं काही मिळालं होतं. ते आपल्या डोळ्यांपायी जाऊ द्यायचं नाही, एवढं एक चष्मेवाल्यांनी मनाशी धरलं होतं.

तर ते चालवत राहिले. आणि त्याच दिवसांत बायकोला गाडीत बोलायची सवय लागली. पूर्वी ती खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. आता तिची टकळी थांबेना. बघा ना, दगडखाणीपाशी ट्रक कसा आडवा लावलाय. अगंबाई, सिग्नल लाल झाला वाटतं. या वळणावर किती माती सांडलीये, उजवीकडे. चष्मेवाल्यांना वाटायचं, कामामुळे हिची कळी खुलली. आता चाळीस वर्षं न बोललेली बाई अचानक रस्त्याचं वर्णन का करायला लागते, हे एखाद्या शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. पण प्रेमात पडलेला माणूस शहाणा नसतो, आणि म्हातारपणी पडलेला तर मुळीच नसतो.

मग एका संध्याकाळी गिरणीच्या कोपऱ्यावर तिच्या तोंडून फक्त "अहो" निघालं. त्यांनी ब्रेक दाबला. समोर कोणीतरी होतं हे त्यांना ब्रेक दाबून झाल्यावर कळलं. सायकलवाला कडेच्या गवतात आडवा झाला, उठला, सायकल सरळ केली. लागलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत राहिला असावा, ते काही त्यांना दिसलं नाही, पण जाणवलं. घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले की हा कर आता परवडत नाही, गाडी जरा कमीच काढावी म्हणतो. बायको म्हणाली की तेच मी सांगणार होते, पाववाले रोज पाव टाकायला खाली जातातच, मी त्यांच्या व्हॅनमधून जाईन.

खोटं खोट्याला चिकटलं आणि दोघांनाही बरं वाटलं. पण त्यानंतर ती आठवड्यातून पाच दिवसांऐवजी तीनच दिवस कामाला जायला लागली. उरलेल्या दोन दिवशीही ती व्हॅनमधून कुठेतरी जायची, पाववाल्यांच्या बायकोला मदत करते म्हणायची, आणि दमून यायची. राजाराणीच्या बातम्या आटल्या. चष्मेवाल्यांनी ताडलं, ही हळूहळू सोडायला लागली. पाचाचे तीन झाले, तिनाचे दोन होतील, आणि एक दिवस ती म्हणेल की कंटाळा आला.

बस आलीच पाहिजे होती. आणि बस यायची तर किलोमीटर हवे होते. आणि रस्त्यावर तर जायचं नव्हतं.

यातून त्यांनी जी वाट काढली ती त्यांनाच सुचावी. हा माणूस जन्मभर भिंगं घासायच्या चाकापुढे बसलेला. चाक जागच्या जागी फिरतं आणि काम होतं, यावर त्याचा पूर्ण विश्वास. त्यांनी पाववाल्याकडून जॅक मागून आणला, शेडमध्ये गाडीची पुढची चाकं उचलून खाली लाकडी ओंडके लावले, मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडांची उटी दिली, शेडची दोन्ही दारं सताड उघडी टाकली आणि गाडी सुरू करून वरचा गिअर टाकला. चाकं हवेत फिरायला लागली. त्यांची गाडी जुनी, आपले किलोमीटर परस्पर नगरपालिकेला कळवणाऱ्या नव्या गाड्यांतली नव्हे. हिचं मीटर वर्षातून एकदा माणूस येऊन बघायचा. ते मीटर आपलं इमानदारीने पुढे सरकायला लागलं.

मग हा रोजचाच उद्योग झाला. बायको व्हॅनमधून गेली की चष्मेवाले शेडमध्ये खुर्ची टाकायचे, शेजारी रेडिओ, हातात चहा, आणि गाडी उभ्या उभ्या परगावी जाऊन यायची. इंजिनाचा आवाज आळीत जायचा. कोणी विचारलं तर बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचं. फक्त पाववाल्याला त्यांनी बसच्या नियमापुरतं खरं सांगितलं, तेही शपथ घालून. पाववाल्याने शपथ घेतली. घेताना तो खोकल्यासारखा हसला, तेव्हा चष्मेवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही.

असं बरेच दिवस सुखाने चाललं. मग एका दुपारी गाडी अशीच धावत असताना शेडच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. मधला भाग राखाडी, कडेने फिकट रंगाचा लांब कोट. पाववाल्याच्या अंगावर पिठाने पांढरा झालेला असाच असायचा.

"या पाववाले," चष्मेवाले म्हणाले, "आज पार समुद्रापर्यंत जाऊन आलो."

"मी नगरपालिकेतून आले, काका," एक बाई म्हणाली. "मीटर बघायला."

चष्मेवाल्यांनी उठून आधी रेडिओ बंद केला. गाडी चालूच राहिली. मीटरवाली आत आली, वाकून हवेत फिरणाऱ्या चाकांकडे बघितलं, मग खिडकीतून मीटरकडे, आणि म्हणाली की आता गाडी बंद करता का, मी लिहीपर्यंत आकडा वाढतोय.

त्यांनी गाडी बंद केली आणि बॅटरीचं सांगून बघितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. ती या कामात मुरलेली होती. मीटर मागे फिरवणारे, तार काढून ठेवणारे, भावाच्या गाडीचं मीटर बसवणारे, सगळे तिने बघितले होते. ती म्हणाली की कमी दाखवणाऱ्याला काय दंड करायचा ते आमच्या नियमात चार पानं भरून लिहिलंय, जास्त दाखवणाऱ्याचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण असा माणूस आजवर कोणाला भेटला नाही. हे सांगताना ती जरा हसली असावी. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या कानाशी बोलताय. माझे आजोबा पण असेच बोलायचे, शेवटी शेवटी."

तिने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. चष्मेवाले बसले. इतके दिवस दडवलेलं सगळं त्यांनी त्या अनोळखी पोरीला सांगितलं. डाग, तक्ता, सायकलवाला, आणि खाली एक थिएटर आहे तिथे माझी बायको काम करते, ते तिच्या हातून जाऊ नये म्हणून हा खटाटोप. गिऱ्हाइकाला सांगायचे तसं त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. फरक इतकाच की या वेळी गिऱ्हाईक ते स्वतः होते.

मीटरवालीने रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "बाकीच्या गाड्यांचे आकडे आलेत," ती म्हणाली. "तुमचे हे किलोमीटर धरले तर वरची आळी पहिली येते. थोडक्यात, पण येते."

"आणि नाही धरले तर?"

"तर नदीपलीकडची वस्ती."

त्या वस्तीत कोण राहतं ते त्यांनी विचारलं. ती म्हणाली की धुलाई कारखान्यातल्या बायका राहतात. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकमेकींच्या गाडीतून जाता येत नाही. कोणी मागून आणलेली गाडी घेऊन जाते, कोणी नवऱ्याची, ज्यांच्याकडे नाही त्या पूल ओलांडून चालत जातात. गेल्या वर्षीही त्यांचा नंबर असाच थोडक्यात हुकला होता. चष्मेवाले ऐकत राहिले. त्यांना आतापर्यंत असं वाटत होतं की आपण सरकारला थोडं जास्तच देतोय, यात कोणाचं काय जातं? कोणाचं तरी जातच होतं. त्यांची चाकं हवेत फिरत होती आणि त्या बायकांची रस्त्यावर.

"त्यांच्यात माझ्यासारखं न दिसणारं कोणी असेल का?" त्यांनी विचारलं.

"असेल की. मी कधी विचारलं नाही."

किलोमीटर तसेच राहू दिले तर कोणाला कळणार नव्हतं, पोरगी मऊ पडली होती, त्यांना ते तिच्या आवाजावरून समजत होतं. आणि खोडले तर बस गेली, बसबरोबर थिएटर गेलं, आणि घरात पुन्हा ती जुनी गप्प बाई. ती त्यांना नको होती. तिला स्वतःलाही ती नको असेल, पण ती सांगणार नाही.

"खोडून टाका," ते म्हणाले. "हे सगळे किलोमीटर खोटे आहेत. गाडी जागची हललेली नाही."

मीटरवाली बरं म्हणाली. जास्तीचा कर भरावा लागणार नाही असंही म्हणाली, पण ते त्यांनी धड ऐकलं नाही. कारण तेवढ्यात चढावरून पाववाल्याची व्हॅन येताना ऐकू आली, आणि तिचा गिअर असा काही किंचाळला की पाववाल्याच्या हातून तो जन्मात किंचाळला नसता. व्हॅन आचके देत अंगणात शिरली, एकदा पुढे गेली, मग मागे आली, मग थांबली. चष्मेवाल्यांनी मान थोडी बाजूला वळवली, म्हणजे डाग सरकेल. चालवणाऱ्याच्या जागेवर पाववाला नव्हता. तो शेजारी बसला होता, दोन्ही हातांनी दाराची कडी धरून. आणि चाकामागे निळा रुमाल डोक्याला बांधलेली त्यांची बायको होती.

ती खाली उतरली. तिने ओंडक्यांवर चढवलेली गाडी बघितली, नगरपालिकेचा कोट बघितला, खुर्चीत बसलेला नवरा बघितला. पाववाला आभाळात काही आहे का ते बघायला लागला. दोन्हीकडची गुपितं पोटात ठेवून तो इतके दिवस कणकेसारखा फुगत चालला होता, आता त्याला मोकळं वाटत असावं.

"गाडीला काय झालं?" बायकोने विचारलं.

"मला दिसत नाही," चष्मेवाले म्हणाले. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण आता त्यांच्यापाशी दुसरं उत्तर उरलं नव्हतं. "अगं, मला दिसत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही चहात मिठाचा चमचा टाकून तो पिऊन टाकलात ना, तेव्हापासून. म्हटलं, एवढा वाईट चहा हा माणूस गुपचूप पितोय म्हणजे काहीतरी लपवतोय. मग गाडीत बसले की डोळे उघडे ठेवायचे आणि तोंड पण. घसा कोरडा पडायचा माझा. खिडकीबाहेर निवांत बघून किती दिवस झाले मला."

मीटरवाली उगाचच मागच्या चाकाची उटी तपासत होती.

"चूक माझीही आहे," बायको म्हणाली. "तेव्हाच थांबवायला हवं होतं तुम्हाला. तो सायकलवाला गवतात पडला आणि मला रात्रभर झोप नाही. सकाळी पाववाल्यांना म्हटलं, मला शिकवा. आठवड्यातले दोन दिवस कामावर नाही म्हणून सांगितलं आणि खाणीच्या मैदानात यांच्या व्हॅनची वाट लावली."

"मला वाटलं, तू काम सोडायला लागलीस," चष्मेवाले म्हणाले.

"मी का सोडू?"

तिने हे चढ्या आवाजात नाही म्हटलं. साधं विचारलं, दूध उतू गेलं का विचारावं तसं. पण चष्मेवाले तिच्या तोंडून असलं वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते.

"एकदा सोडलं, तुमच्या दुकानासाठी," ती म्हणाली. "तेव्हा वाईट वाटलं, बोलले नाही. चूक झाली. हे काम मी सोडणार नाही. तुमच्यासाठी सुद्धा नाही. तुमच्या डोळ्यांना जे करायचं ते सगळं करू, रात्री वाचून दाखवीन, हात धरून चालवीन, पण दुपारी मी थिएटरात जाणार. तुम्ही यायचं तर या, नाही तर घरी बसा रेडिओ ऐकत."

चष्मेवाल्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदात बरीच शरमही होती. इतकी वर्षं ती काय म्हणेल ते त्यांना पाठ होतं. तपासणीच्या तक्त्यासारखं त्यांनी तिला पाठ केलं होतं, आणि पाठ झाल्यावर बघायचंच सोडून दिलं होतं. त्यात डोळ्यांचा काहीही दोष नव्हता.

"मला आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही किल्ली खुंटीला लावलीत ती कराचं नाव सांगून. मी ती तशीच तुमच्या देखत उचलली असती तर काय वाटलं असतं तुम्हाला? म्हटलं, स्वतःहून देतील तेव्हा घेऊ."

किल्ली गाडीतच होती. चष्मेवाले उठले, दाराची कड चाचपत गेले, किल्ली काढली आणि तिच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. तिने ती घेतली. किल्ली घेतल्यावरही तिने हात लगेच सोडला नाही, आणि मीटरवाली नको म्हणत असतानाही पाववाला तिला व्हॅनमधला ताजा पाव दाखवायला घेऊन गेला.

बस त्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीला गेली. वरच्या आळीचा नंबर खाली घसरला आणि आळीने कराला नव्या दमाने शिव्या दिल्या. चष्मेवाल्यांनी मात्र आळीच्या बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. आपल्याला दिसत नाही हे सांगितलं, बस का हवी ते सांगितलं, आणि नियम फक्त धावणाऱ्या गाड्या मोजतो, घरात अडकलेली माणसं मोजत नाही, हे नगरपालिकेला कळवायला हवं असंही सांगितलं. मग कळलं की आळीत अडकलेले ते एकटेच नव्हते. कोणाचा गुडघा होता, कोणाची आई होती. सगळे कराच्या नावाखाली घरी बसले होते.

बायको गाडीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. तिने पहिल्यांदा स्वतः गाडी खाली नेली तेव्हा चष्मेवाले शेजारी बसले होते. ती एक शब्द बोलत नव्हती, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसली होती. पुलापाशी नवी बस आली तिला तिने वाट दिली. मोठी, पिवळी, कडेने जाताना चष्मेवाल्यांना चांगली दिसली. खिडक्यांमधून कोणाकोणाच्या माना मागे टेकलेल्या होत्या. झोपल्या असाव्यात पाळीवरून येणाऱ्या.

थिएटरच्या फाटकाशी तिने गाडी उभी केली, जरा वाकडीच. चष्मेवाले सवयीने बसून राहिले.

"आज आत या," ती म्हणाली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते कधी आत गेलेच नव्हते. ज्या कामासाठी त्यांनी तक्ता म्हणून दाखवला, गाडी हवेत पळवली, ते काम कसं असतं हे त्यांनी दिसत होतं तेव्हाही बघितलं नव्हतं. फाटकाशी सोडलं आणि फाटकाशी घेतलं. आता बघायला गेले तर मधे डाग.

ती त्यांना हात धरून घेऊन गेली. लांब बोळ, दोन पायऱ्या, मग गरम इस्त्रीचा आणि खडूचा वास असलेली खोली. कडेकडेने रंग टांगलेले दिसत होते, लाल, सोनेरी, काळे. तिने एका स्टुलावर त्यांना बसवलं आणि मांडीवर काहीतरी जड ठेवलं.

"राजाचा कोट," ती म्हणाली. "परवा पाठीवर उभा फाटला होता. एवढा."

चष्मेवाल्यांनी कोटावर हात फिरवला. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा ज्यांच्या बोटांना कळायचा ते हात. खांद्यापासून खालपर्यंत गेले, परत वर आले, शिवणीवरून, काठावरून, अस्तराच्या बाजूने. फाटल्याची कुठे खूण लागेना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"अगं, कुठे फाटला होता?"

"सांगणार नाही," बायको म्हणाली. तिने मशीन सुरू केलं होतं. "बसा आणि शोधा. मला संध्याकाळपर्यंत काम आहे."